वेस्ट कोस्टची शोकसभा

आमच्या टॉवरचा हॉल हवा असेल तर ॲपमध्ये कारण निवडावं लागतं. कारणं चारच आहेत : वाढदिवस, साखरपुडा, धार्मिक आणि कंडोलन्स. माणूस जन्मतो, लग्न ठरवतो, देवाधर्माचं करतो आणि जातो. या सगळ्यात तो मध्येच कधी खुर्चीत बसून काही ऐकेल, अशी शंका ॲप बनवणाऱ्याला आलेली नाही. मला नेमकं तेच करायचं होतं. दुबईजवळच्या या अजमानमधल्या मराठी मंडळींना तासभर बसवून वेस्ट कोस्ट जॅझ ऐकवायचा होता.

आता हे खूळ कुठून आलं, असं मंडळात सगळ्यांनीच विचारलं, म्हणून सांगतो. मी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत एसीच्या डक्टची मापं काढणारा माणूस. दिवसभर कानात साइटचा खडखडाट. संध्याकाळी घरी येऊन हेडफोन लावायचा आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्राकाठी पन्नासच्या दशकात वाजवलेलं ते संगीत ऐकायचं, एवढी एकच चैन मी इथे केली. तिकडे न्यूयॉर्कचे वादक घाम गाळून वाजवत होते, तेव्हा हे लोक सावलीत बसून वाजवत होते. कमी वाजवायचं, हळू वाजवायचं आणि दोन सुरांच्या मध्ये ऐकणाऱ्याला बसायला जागा ठेवायची. आमच्या मंडळात दोन वाक्यांच्या मध्येसुद्धा अशी जागा सापडत नाही.

जूनमध्ये माझी नोकरी संपते आणि आम्ही कायमचे नाशिकला जातो. इतकी वर्षं मंडळात माझी ओळख एकच : स्पीकरवाले टिपणीस. मंडळाचा मोठा स्पीकर माझ्या बाल्कनीत राहतो. गणपती असो, कोजागिरी असो, मी तो खाली नेतो, 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतो, आणि पुढे लोक त्यातून काय काय ऐकवतात ते मी मुकाट्याने ऐकतो. जाण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, त्या स्पीकरमधून मला आवडतं ते वाजावं आणि लोकांनी गप्प बसून ऐकावं, अशी माझी इच्छा होती. माणसाने निवृत्त होताना याहून कमी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

घरातूनच सुरुवात केली होती, पण घरात यश नव्हतं. माझी बायको, मनोरमा, संगीताच्या विरोधात नाही. फक्त मी हे लावलं की ती "संपलं की हाक मारा" म्हणून स्वयंपाकघरात जाते. एकदा मी विचारलं, "अगं, निदान कसं वाटतं ते तरी सांग." तर म्हणाली, "लिफ्टमध्ये असंच काहीतरी वाजतं ना? चांगलं आहे की. पण लिफ्टमध्ये आपण उतरतो तरी." यावर मी दोन दिवस जिने वापरले.

मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब सामंत यांच्याकडे प्रस्ताव घेऊन गेलो. अण्णासाहेबांचा दुबईच्या देऱ्यात विजेच्या स्विचगिअरचा व्यापार आहे आणि आवाज असा आहे की तो श्रद्धांजलीसाठीच घडवला असावा. मंडळाचा कुठलाही कार्यक्रम, अगदी पाककृती स्पर्धासुद्धा, ते त्या महिन्यात वारलेल्या कुणाला तरी आदरांजली वाहून, दोन मिनिटं स्तब्ध उभं करूनच सुरू करतात. कुणी वारलं नसेल तर त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं.

"पश्चिम किनारा म्हणजे आपलंच की!" ते खुशीत म्हणाले. ते मालवणचे.

"अमेरिकेचा पश्चिम किनारा, अण्णासाहेब. हा गेरी मलिगन. याने लॉस एंजेलिसला चौघांचा वाद्यवृंद काढला आणि त्यातून पियानोच काढून टाकला."

"बजेट नव्हतं?"

"नाही हो. मोकळं वाटावं म्हणून."

"असं होय," अण्णासाहेब म्हणाले. "मग निवेदक तरी ठेवा. आणि मधे एखादी लावणी?"

शेजारच्या सुलभावहिनींचा सल्ला वेगळा होता. "भाऊजी, लोक नुसतं ऐकायला येत नसतात. बटाटेवडे ठेवा. आणि पुढे टेबलावर त्या तुमच्या वादकांचे फोटो हवेत, समई हवी. सरस्वतीचा कार्यक्रम आहे, असं ओकंबोकं नाही चालत. फोटोंचं माझ्याकडे सोडा." वहिनींच्या कपाटात चंदनाच्या हारांचा साठा असतो. शारजापासून अजमानपर्यंत कुणाकडेही काही झालं तरी हार त्यांच्याकडचा जातो आणि धुवून परत येतो.

माझ्या मुलीने, मिहिकाने, एवढंच म्हटलं, "बाबा, नोबडी लिसन्स टू अ होल अल्बम एनीमोअर." पण पोस्टर मात्र करून द्यायला तयार झाली.

नुसत्या स्पीकरवर भागणार नाही, प्रत्यक्ष कुणीतरी वाजवायला हवं, असं मला वाटत होतं, आणि तो माणूस माझ्या माहितीत होता. देऱ्यात एका हॉटेलच्या लॉबीत रोमेल नावाचा फिलिपिनो संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवतो. एकदा क्लायंटची वाट बघत तिथे बसलो होतो. ट्रॉल्यांची चाकं, ग्रुप चेक-इनचा गलका, आणि त्यात हा शांतपणे, कोरड्या, हलक्या आवाजात वाजवत होता. मी जवळ जाऊन वेस्ट कोस्टच्या एका वादकाचं नाव घेतलं, "पॉल डेस्मंड?" त्याने वाजवणं थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हरवलेला नातेवाईक असावा. "सर," तो म्हणाला, "हिअर पीपल ओन्ली आस्क मी द वायफाय पासवर्ड."

त्याला कार्यक्रमाचं सांगितल्यावर तो पैशांचंही बोलेना. पोस्टरसाठी स्वतःचा एक जुना फोटो पाठवला, लांब केसांचा. मी तो चेट बेकर, मलिगन, डेस्मंड आणि आर्ट पेपर या वेस्ट कोस्टच्या वादकांच्या फोटोंबरोबर एका फोल्डरमध्ये टाकून मिहिकाला दिला. तिने सगळे फोटो एकसारखे दिसावेत म्हणून ब्लॅक अँड व्हाइट केले. पोस्टर फार सुंदर झालं. सुलभावहिनींनी फ्रेमसाठी फोटो मागितले तेव्हा मिहिकाने तेच फोल्डर त्यांना पाठवलं. या घटनेकडे तेव्हा कुणाचंही लक्ष गेलं नाही.

आता हॉलकडे परत येऊ. खाली बिल्डिंग ऑफिसात रफिक बसतो. मी त्याच्यासमोर फोन धरला आणि ॲपमध्ये माझं कारण नाही म्हणून सांगितलं.

"सर, म्युझिक बोलूंगा तो मॅनेजमेंट हां नहीं बोलेगा. बर्थडे डालोगे तो केक का फोटो मांगेगा." त्याने थोडा विचार केला. "ये आपके म्युझिकवाले, सब जिंदा हैं?"

"नाही रे. सब एक्सपायर हो गये."

"खलास! फिर कंडोलन्स डालो. उसमें डिपॉझिट भी नहीं है."

"आणि सॅक्सोफोन?"

"आहिस्ता बजाएगा?"

"आहिस्ताच बजाने का म्युझिक है, रफिकभाई," मी म्हणालो. वेस्ट कोस्टची इतकी नेमकी व्याख्या करायची संधी मला पहिल्यांदाच मिळाली होती, त्या आनंदात मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनियनवर चहा पीत असताना बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधल्या नबिलाबाई. इजिप्तच्या आहेत, एरवी लिफ्टमध्ये हसतात तेवढंच. हातात झाकलेलं मोठं पातेलं, डोळ्यांत पाणी. मला बघून त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"मिस्टर अरुण?"

"येस?"

"अल्हम्दुलिल्ला!" त्या जोरात म्हणाल्या, आणि पातेलं माझ्या हातात देऊन निघून गेल्या. आत भात आणि मटण होतं. आम्ही शनिवारी मटण खात नाही, पण असल्या प्रसंगी नियम कोण बघतो.

काय भानगड आहे ते रफिकला विचारायला मी खाली धावलो. लिफ्टमधल्या स्क्रीनवर, व्यायामशाळेच्या वेळा आणि पाण्याच्या टाकीची साफसफाई यांच्यामध्ये, काळ्या चौकटीत लिहिलं होतं : कंडोलन्स मीटिंग, मिस्टर अरुण टिपणीस, फ्लॅट ११०४. ॲपने बुकिंग करणाऱ्याचं नाव आपणहून घातलं होतं.

तेवढ्यात अण्णासाहेबांचा मनोरमाला फोन आला. घाईत मी तिचाच फोन उचलून आणला होता.

"वहिनी," असा एक खोल, भरून आलेला आवाज, "काय बोलू मी आता..."

"अण्णासाहेब, मी अरुण बोलतोय."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. मग किंचित नाराजीने, "अहो, पण मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय."

ग्रुप उघडून पाहिला. हात जोडलेली चित्रं खाली खाली सरकत होती. 'शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असं तिघांनी लिहिलं होतं, शब्दही तेच. एकाने 'मंडळाची मोठी हानी' लिहिलं होतं, त्याच्या खाली लगेच दुसऱ्याचा प्रश्न होता : 'स्पीकर कोणाकडे आहे?' त्याच्या खाली पाच जणांनी आपापली मतं दिली होती. माझ्या जाण्यावर नाही, स्पीकरवर. मी 'मी जिवंत आहे, स्पीकर माझ्याकडेच आहे' असं लिहिलं. त्यावर अंगठे आले. हात जोडले होते त्यापेक्षा बरेच कमी.

रफिकने हात वर केले. "सर, नाम निकाल देता हूं. लेकिन कंडोलन्स नहीं निकलेगा. सिस्टम में एक बार गया तो गया." त्यामुळे स्क्रीनवर नुसतंच 'कंडोलन्स मीटिंग' राहिलं, कुणाची ते नाही. याचा परिणाम मी गृहीतच धरला नव्हता. माझ्या पोस्टरला ग्रुपवर जेमतेम दहा-बारा जण 'येतो' म्हणाले होते. आनंदाला माणूस सवड बघून येतो, दुःखाला यावंच लागतं. त्याच संध्याकाळी सहाला अर्धं अजमान पांढरे कपडे घालून हॉलमध्ये बसलं होतं. खुर्च्या कमी पडल्या. कोण गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं आणि विचारणं बरं दिसत नव्हतं.

मी या वेळी कुठे होतो? पार्किंगमध्ये. रोमेलला गाडीतून उतरवत होतो आणि दुसऱ्या हाताने स्पीकर ओढत होतो. स्वतःच्या कार्यक्रमातही स्पीकर मलाच आणावा लागला, ही नोंद इथे असू द्या.

"सर, व्हेन डू आय स्टार्ट?" रोमेलने लिफ्टमध्ये विचारलं. त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि तो सारखा सॅक्सोफोनच्या केसच्या कडा पुसत होता.

"आधी आमचे अध्यक्ष बोलतील. मग हॉल शांत झाला की सुरू कर. आमच्याकडे हॉल आपोआप शांत होत नाही, त्यामुळे घाई करू नकोस, मी खूण करीन."

दारातून आत पाऊल टाकलं आणि माझ्या हातातला स्पीकर पायावर आला. समोर पांढऱ्या चादरीच्या टेबलावर पाच फ्रेमा होत्या. समई तेवत होती, उदबत्ती लावलेली होती. चेट बेकर, मलिगन, डेस्मंड, आर्ट पेपर आणि रोमेल. पाचांनाही चंदनाचे हार. रोमेलचा हार जरा जास्तच मोठा होता. सुलभावहिनींनी नंतर सांगितलं, "मला वाटलं, हे वयाने लहान, अकाली गेलेले."

रोमेल जागच्या जागी थांबला. मी मनात मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत माफी जुळवत होतो. तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"सर! माय फोटो? विथ देम?" तो म्हणाला. "इन माय प्लेस ऑल्सो, वुई गिव्ह फ्लॉवर गारलँड टू द गेस्ट."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णासाहेबांनी माइक हातात घेतला. त्यांच्यासमोर आयुष्यातली सर्वांत मोठी संधी होती, एकाच वेळी पाच. "आज आपल्यात नसलेले," त्यांनी सुरुवात केली, आणि फ्रेमखालची नावं एकेक करून वाचली. शेवटी आवाज आणखी उतरवून म्हणाले, "आणि आपले रोमेल." मराठी न समजणाऱ्या रोमेलने स्वतःचं नाव ऐकून छातीवर हात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकदा फोटोकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"सख्खा भाऊ दिसतोय," कुणीतरी कुजबुजलं. "कसा धीराने उभा आहे."

"आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून," अण्णासाहेब म्हणाले, आणि अख्खा हॉल उभा राहिला.

शांतता पसरली. अशी शांतता मी मंडळात कधी ऐकलेली नव्हती. एसीचा डक्ट घुमत होता, तेवढाच आवाज, आणि त्याचं माप चुकलंय हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. रोमेलने माझ्याकडे पाहिलं. हॉल शांत झाला होता. मी खूण केली नाही, पण मान हलली असावी. त्याने सॅक्सोफोन ओठांना लावला.

पहिला सूर इतका हलका आला की लोकांना तो नेमका कुठून आला ते समजलं नाही. मग दुसरा. मग थोडी मोकळी जागा, मग तिसरा. कुठेही जोर नाही, कंप नाही, कुणाला दाखवायचं नाही. मी इतकी वर्षं हेडफोनमध्ये एकट्याने ऐकलेली गोष्ट भरलेल्या हॉलमध्ये हवेतून येत होती, आणि लोक माना खाली घालून, हात पुढे बांधून, ऐकत होते. कुणी बोललं नाही. कुणाचा फोन वाजायला लागला तो पहिल्याच घंटीला बंद झाला. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. पण भाऊ वाजवतोय म्हटल्यावर आधी बसणार कोण? अण्णासाहेबसुद्धा डोळे मिटून उभे होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

रोमेल थांबल्यावर अण्णासाहेबांनी डोळे उघडले आणि ते हळूच "ॐ शांती" म्हणाले. झालं. सभा संपली, असं समजून लोक निघाले. माझं चाळीस मिनिटांचं भाषण खिशात. पियानोशिवायचा वाद्यवृंद, समुद्र, सावली, सगळं खिशात. शोकसभेतून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून कुणी तेही म्हणालं नाही. एकेकाने रोमेलचा हात दोन्ही हातांत घेतला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बटाटेवड्यांना कुणी हात लावला नाही. पुढचा आठवडाभर आम्ही नाश्त्याला बटाटेवडे आणि नबिलाबाईंचा भात खाल्ला.

रोमेल टेबलापाशी उभा होता. "सर, कॅन आय कीप?" त्याने आपला फोटो उचलला होता, हारासकट. "ऑल दीज इयर्स, नोबडी स्टूड अप फॉर मी."

"रोमेल, ॲक्च्युअली..." मी म्हणालो. 

तो फोटो काखेत धरून निघून गेला. सुलभावहिनींनी हाराचं दोनदा विचारलं. मी म्हटलं, धुवायला टाकलाय.

मनोरमा मात्र स्वस्थ बसेना. "जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणजे अपशकुन. तो बिचारा घरात लावून रोज त्याखाली झोपत असेल. जाऊन सांगा."

"काय सांगू? ते लोक उभे राहिले ते तू मेलास म्हणून, असं?"

"मी येते बरोबर. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही दोघं देऱ्याला गेलो. लॉबीचं दार फिरलं आणि मी थबकलो. रोमेलने तो फोटो घरात लावलाच नव्हता. तो आपल्या स्टँडशेजारी एका उंच स्टुलावर मांडला होता, हारासकट, आणि समोर हॉटेलने दिलेला विजेचा छोटा दिवा. त्याच्याशेजारी उभा राहून तो वाजवत होता.

आमच्यामागून एक गुजराती कुटुंब आलं, चार ट्रॉल्या, दोन मुलं, मोठ्याने भांडण चाललेलं. बापाची नजर फोटोवर गेली. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि धाकट्याच्या तोंडावर हात ठेवला. ट्रॉल्या थांबल्या. तो फोटोकडे बघे, वाजवणाऱ्याकडे बघे, आणि हळहळून मान हलवे. रिसेप्शनवर एक हैदराबादी गृहस्थ खोलीवरून तावातावाने बोलत होते, तेही मागे वळून बघताच आवाज खाली आणून बोलू लागले. ती सगळी माणसं तशीच, आपापलं सामान धरून, ऐकत उभी राहिली. वायफायचा पासवर्ड कुणी विचारला नाही.

रोमेलने आम्हाला पाहिलं आणि वाजवता वाजवता डोळ्यांनीच हसला. सुरांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबला तेव्हा वाकून म्हणाला, "सर, युवर पीपल नो हाऊ टू लिसन." आणि पुन्हा वाजवायला लागला.

आम्ही बाजूच्या सोफ्यावर बसलो. मी मनात वाक्य जुळवलं. तीनदा जुळवलं. मग मनोरमाला कोपराने हलवून हळूच म्हटलं, "सांगतेस ना? तू म्हणाली होतीस."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. नजर रोमेलवर होती.

"थांबा हो," ती म्हणाली. "आधी हे संपू दे."

मी थांबलो. ते बराच वेळ संपलं नाही.